धरायला कुणी नसताना लावलेलं छत

आगाशी,
मंगळवार, सकाळ

गासनिवासी श्रीयुत फ्रेडरिक यांस,

आगाशीहून गंगारामचा, चालू भांडणाला बाधा येणार नाही इतपत नमस्कार. आपली प्रकृती बरी असावी. रक्तदाबाची गोळी नाश्त्याआधी घ्यायची की नंतर, यावरून आपल्या घरी जो वाद चालला होता तो एव्हाना मिटला असेल असं धरून चालतो. लूर्डस वहिनींची साखर, आपल्या अंगणातल्या माडाला लागलेला भुंगा आणि आपला उजवा खांदा, या तिघांचीही मी वेगवेगळी चौकशी केली आहे असं समजावं. आमच्याकडे सगळं ठीक. द्वारका मजेत आहे. भावेश आणि सूनबाई हेमाली सकाळी अंधेरीला जातात आणि अंधार पडल्यावर घरी येतात, त्यामुळे त्यांच्याशी भांडण व्हायला वेळच मिळत नाही. वाडीत केळीला यंदा घड बरे आहेत. (आपल्यात चाळीस वर्षांत ‘आपण’ हा शब्द कधी आला नाही, याची मला कल्पना आहे. पण दीड महिना अबोला धरलेल्या माणसाला एकदम ‘तू’ कसं म्हणायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.)

पत्र अशासाठी की आपण फोन उचलत नाही. मी सात वेळा केला. आठव्यांदा केला नाही, कारण मलाही मान आहे. आगाशी ते गास हे अंतर ते केवढं, आणि त्यासाठी पोस्टाचं पाकीट आणून वर तिकीट चिकटवायचं, याला द्वारका हसली. पाकिटावरचा पत्ता वाचून भावेशही माझ्याकडे दोनदा बघत राहिला. पण बातमी अशी आहे की ती लेखी असलेली बरी, म्हणजे नंतर तुला ‘मी ऐकलंच नाही’ म्हणता येणार नाही. (गेलंच शेवटी ‘तू’. असू दे, आता खोडत बसत नाही.) तर बातमी ही की छत लागलं. बाहेरच्या खोलीचं, बारा बाय दहाचं, जिप्सम बोर्डाचं छत मी, वय वर्षे अडुसष्ट, एकट्याने लावलं. हे वाक्य पुन्हा एकदा वाच, म्हणजे पुढचं वाचायला बरं पडेल.

आता भांडणाची नोंद. तुला सगळं माहीत आहे, तरीही लिहितो, कारण तुझ्या आठवणीत तुझी बाजू मोठी होत जाते हे मी कारखान्यात असल्यापासून बघत आलोय. ईस्टरनंतरच्या रविवारी तू आणि वहिनी आमच्याकडे आलात. वहिनींनी घरी तळलेले फुगे आणले होते. तू तुझ्या नेहमीच्या खुर्चीत बसलास, पहिला फुगा उचललास, आणि वरच्या स्लॅबचं तळहाताएवढं प्लास्टर सुटून थेट तुझ्या ताटलीत पडलं. तू ते बाजूला काढून फुगा खाल्लास, त्याबद्दल मला तुझा आदरच आहे. स्लॅबची गळती आम्ही गेल्याच वर्षी वरून बंद केली होती, पण खालची पापुद्रे सुटलेली बाजू तशीच राहिली होती. तेव्हा खालून बोर्डाचं छत घालावं असं ठरलं. मी म्हटलं, आपण दोघे लावू. यात नवीन काय होतं? कारखान्यात मेंटेनन्सला आपण दोघे बत्तीस वर्षं होतो. माझ्या पंपाची शेड, तुझ्या पडवीचे वासे, भावेशच्या लग्नाचा मांडव, सगळं आपण दोघांनीच केलं. तू धरायचास, मी ठोकायचो. यावर तू म्हणालास की खांद्याच्या वर आता तू काही उचलणार नाहीस, कारागीर बोलाव. मी म्हटलं, मग मी एकटा लावतो. तू हसलास. हसलास तिथपर्यंत ठीक होतं. पण मग तू द्वारकेसमोर, सुनेसमोर आणि वहिनींसमोर म्हणालास, ‘गंगाराम, मी धरत आलो म्हणून तुझे खिळे सरळ गेले.’

हे मला लागलं. का लागलं ते तेव्हा कळलं नाही. आणि मग मी जे बोललो ते तुला लागलं. मी म्हटलं, ‘धरायला काय अक्कल लागते? भिंतीतली खुंटीसुद्धा धरते.’ तू उठलास. तुझ्या कादोडी बोलीत काहीतरी बोललास, जे मला नेहमीइतकंच कळलं, म्हणजे त्यात माझं नाव होतं एवढंच. मग पायरीवरून वळून स्वच्छ मराठीत पैज लावलीस. मी छत एकट्याने लावायचं, मदतीला घरचा नको, बाहेरचा नको. लागलं तर तू गासहून पायी चालत माझ्या दारात येणार आणि हरलो म्हणणार. नाही लागलं तर मी चालत तुझ्या दारात यायचं. तोवर कुणी कुणाकडे फिरकायचं नाही. बाहेर पडताना तू चप्पल उलटसुलट घालून गेलास, ते मी पाहिलं, पण अबोला सुरू झाला होता म्हणून सांगितलं नाही.

बोर्ड मी कामणच्या एका गोडाऊनमधून आणले. सहा बाय चारचे सहा बोर्ड, पाच लागणारे आणि एक वर. तिथल्या माणसाने विचारलं, काका, कारीगर कोण आहे? मी म्हटलं, मी. मग हेल्पर? तोही मीच. त्याने माझं वय विचारलं नाही, पण बिलावर नाव लिहिताना आधी ‘आजोबा’ लिहिलं आणि मग खोडलं. टेम्पोवाल्याने आणि त्याच्या जोडीदाराने बोर्ड घरात आणून भिंतीला टेकवले. त्यावर द्वारकेने शंका काढली की ही मदत झाली की नाही? मी निकाल दिला की पैज लावण्याची आहे, आणण्याची नाही. जमिनीपर्यंत ती वाहतूक आणि जमिनीपासून वर ते काम. हा निकाल तू मान्य करावास, कारण तू असतास तरी तो असाच दिला असतास.

मग मी द्वारकेला खोलीत यायला बंदी केली. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिला तिच्याच घरातल्या एका खोलीत बंदी घालणारा मी पहिला, आणि बहुधा शेवटचा. तिने उंबरठ्याबाहेर खुर्ची टाकली आणि तिथून चार दिवस नुसतं बघितलं. बघणं ही मदत नाही. तिने जे बोलणं केलं तेही मदतीत धरता येणार नाही, उलट त्याने काम लांबलं. स्क्रू मी तोंडात धरायचो, आणि ती बाहेरून दर पाच मिनिटांनी मला काहीतरी विचारायची, ज्याचं उत्तर तोंड उघडल्याशिवाय देता येत नव्हतं. तिला भीती ही की मी एखादा गिळेन. मी एकही गिळला नाही. सगळे मोजून घेतले होते.

आधी पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट केली. भिंतीला चारी बाजूंनी पट्टी, आणि मध्ये स्लॅबला टांगलेल्या आडव्या पट्ट्या. दहा फुटांची पट्टी एका टोकाला पकडून वर नेली की दुसरं टोक खाली येतं, हे मला बत्तीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं, कारण दुसरं टोक तुझ्याकडे असायचं. मी स्लॅबला सुतळीचे फास टांगले, त्यात पट्ट्या अडकवल्या, आणि एकेक टोक सावकाश पक्कं केलं. पाण्याच्या नळीने लेव्हल बघताना मात्र मजा झाली. नळीचं एक टोक या भिंतीला आणि दुसरं त्या भिंतीला, आणि मध्ये धावणारा मी. मी पोचेपर्यंत इकडचं पाणी सांडलेलं. शेवटी इकडचं टोक खिळ्याला बांधलं. दीड दिवस लागला, पण चौकट अशी बसली की कारखान्यातल्या साहेबानेही सही केली असती, आणि तो कशावर सही करायचा नाही हे तुला माहीत आहे.

आता बोर्ड. एक बोर्ड वीसेक किलोचा. उचलायला अवघड नाही. वर नेऊन तिथे ठेवायला अवघड, कारण तिथे ‘ठेवणं’ असं काही नसतं. तो वर धरूनच ठेवावा लागतो आणि धरलेले हात स्क्रू मारायला मिळत नाहीत. शहरातले लोक यासाठी काय करतात मला माहीत नाही. मी वाडीतला माणूस. केळीला घड लागला, झाड कलायला लागलं की आपण काय करतो? दोन बांबू घेतो, वरच्या टोकाजवळ कैचीसारखे बांधतो आणि ती कैची झाडाच्या मानेखाली लावतो. वारा येवो, पाऊस येवो, घड उतरेपर्यंत टेकू हलत नाही. माझ्या आजोबांपासून हेच चालत आलंय. मी वाडीतून दहा बांबू आणले, पाच कैच्या केल्या, आणि मनात म्हटलं, फ्रेडरिक, हे बघ, धरणारे. (हे मी मोठ्यानेही म्हटलं असं द्वारका सांगते. तिचं ऐकू नकोस.)

इथे एक बारीक चूक झाली, आणि ती लपवणं मला शोभणार नाही. टेकू बांधायला आम्ही केळीच्या वाळलेल्या सोपटाची दोरी वापरतो, आणि बांधायच्या आधी ती बादलीत भिजवतो. ओली बांधली की सुकताना आवळते, गाठ सुटत नाही. हाताला सवय इतकी की मी विचारही केला नाही. पाचही कैच्या भिजल्या सोपटाने बांधल्या, पहिला बोर्ड डोक्यावर घेऊन पायऱ्यांच्या घोडीवर चढलो, एक कड भिंतीवर मारलेल्या लाकडी पट्टीवर टेकवली, दुसरीखाली टेकू लावले. बोर्ड वर राहिला. एकट्याचा पहिला बोर्ड, फ्रेडरिक! मी खाली उतरून त्याच्याकडे बघत चहा घेतला. चहा झाल्यावर ड्रिल मशीन घेऊन वर गेलो तर कैचीच्या तोंडाशी बोर्डाचा कोपरा चहात बुडवलेल्या खारीसारखा झालेला. जिप्समला पाणी चालत नाही. हे कामणच्या माणसाने तीनदा सांगितलं होतं आणि मी त्याला म्हटलं होतं की आमच्याकडे आता गळत नाही. कोपरा तुटून खाली आला, मागून बोर्ड आला, मी बाजूला होतो. असा चुकणारा माणूस वसई तालुक्याबाहेर सापडायचा नाही. वरचा सहावा बोर्ड कशाला घेतला होता, हे द्वारकेला तेव्हा पटलं. सगळं सोपट काढून नायलॉनच्या दोरीने पुन्हा बांधलं, कैचीच्या तोंडाला जुन्या टॉवेलच्या चिंध्या गुंडाळल्या, आणि दुपारी जेवणाच्या आत बोर्ड पक्का झाला. एकही स्क्रू बोर्डावरचा कागद फाडून आत गेला नाही. हात लावून बघशील तेव्हा कळेल.

दुसऱ्या बोर्डाचं मला जरा सावकाश सांगायचं आहे. बोर्ड डोक्यावर घेऊन मी घोडीच्या वरच्या पायरीवर उभा होतो आणि टेकू राहिले होते दाराजवळ. खाली उतरायचं तर बोर्ड घेऊन उतरता येईना, आणि वर ठेवायचं तर टेकू हवेत. द्वारका उठून उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, देऊ का? मी मानेने नाही म्हटलं, म्हणजे बोर्डही नाही म्हणाला. आणि तेवढ्यात माझ्या तोंडून गेलं, ‘धर.’ नेहमीसारखं, हळू, मागे न बघता. तुला म्हणायचो तसं. कुणी धरलं नाही. मी तसाच उभा राहिलो, किती वेळ ते सांगत नाही. डोक्यावर वीस किलो असताना माणसाला बरंच काही आठवतं. मला आठवलं की बत्तीस वर्षांत मी ‘धर’ म्हटल्यावर एकदाही मागे वळून बघितलं नाही, कारण कधी बघावं लागलं नाही. त्या वेळी मला तुझी फार आठवण आली, हे मी भांडण चालू असूनही लिहितो आहे. मग मी पायाच्या अंगठ्याने घोडीच्या पायरीवरचं फडकं खाली टाकलं, पायरीवर पाय घसरणार नाही असा बेतला, आणि बोर्डासकट एकेक पायरी उतरून दाराशी गेलो, टेकू काखेत घेतले आणि पुन्हा चढलो. द्वारकेने डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा बोर्ड जागेवर होता.

बांबूबद्दल माझं मत आता असं आहे की बांबू धरतो, पण बांबू सांगत नाही. एक सूत डावीकडे घे, असं तो म्हणत नाही. पलीकडची कड सरकली तर तो गप्प राहतो. मी स्क्रू मारताना जोर दिला तर तू तळवे किंचित सैल करायचास आणि स्क्रू बसला की पुन्हा दाबायचास, तसं काही बांबूला जमत नाही. तो एकदा ताठ राहिला की ताठच. शिवाय तू काम करताना चर्चमधलं ते एक गाणं गुणगुणतोस, ज्याचा मला इतकी वर्षं त्रास होता. खोली फार शांत वाटत होती. तिसऱ्या बोर्डाला मीच ते गुणगुणलो. चाल चुकली असणार.

तरीही तिसरा लागला आणि चौथाही लागला. पंख्याच्या हुकाचं भोक मी आधीच मोजून कापलं होतं, कारण हुक झाकून टाकणारे कारागीर मी बघितले आहेत आणि मी त्यांच्यातला नाही. फक्त मोजताना माझं तोंड रस्त्याकडे होतं आणि कापताना वाडीकडे, त्यामुळे छताला दोन भोकं आहेत. एकातून पंखा आला. दुसऱ्यात मी दिवा बसवला, आणि तो इतका योग्य जागी आहे की हेमालीने विचारलं, बाबा, हे डिझाइन तुम्ही आधी काढलं होतं का? मी हो म्हटलं. पाचव्या बोर्डाचे उभे दोन तुकडे करायचे होते, दोन-दोन फुटांच्या पट्ट्या, शेवटच्या ओळीसाठी. पहिली पट्टी लावून उतरताना घोडीला एक पायरी आहे त्याहून जास्त आहे असं मला वाटलं आणि उजवा गुडघा जमिनीला जरा जोरात भेटला. किरकोळ आहे. दुसरी पट्टी गुरुवारी लागली.

टेकू मी लगेच काढले नाहीत. घड उतरेपर्यंत टेकू काढायचा नसतो, हे लहानपणापासून अंगात आहे, आणि बोर्डाचा घड कधी उतरतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस खोलीत दहा बांबू उभे होते. द्वारका स्वयंपाकघरातून बाहेर येताना त्यांच्यातून वाट काढत यायची आणि भावेशने ऑफिसची बॅग एका कैचीला अडकवायला सुरुवात केली. शेजारचा बॅप्टिस्ट सकाळी दूध घेऊन जाताना खिडकीतून डोकावला आणि त्याने गंभीरपणे विचारलं की गंगारामभाऊ, आत काय लावलंय, राजेळी केळी की बसराई? मी त्याला आत बोलावून वर बघायला लावलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, हे एकट्याने? मी म्हटलं, एकट्याने. त्या दिवशी त्याने ते निदान वीस घरांत सांगितलं असेल, कारण संध्याकाळपर्यंत आमच्याकडे छत बघायला सात माणसं आली. द्वारका चहा करून करून दमली, पण तिला ते आवडत होतं. तिसऱ्या पाहुण्यापासून तर तीच सांगायला लागली होती, मला मध्ये बोलूही देत नव्हती.

शनिवारी टेकू काढले. एकेक. छत जागेवर राहिलं. जोडांवर कागदी पट्टी आणि पुट्टी, रविवारी घासकाम, काल पांढरा रंग. रात्री भावेश कामावरून आला, बूट न काढता लादीवर उताणा झोपला आणि वर बघत म्हणाला, ‘बाबा, भारी झालंय.’ फ्रेडरिक, त्याला नोकरी लागली तेव्हा मी त्याला जे म्हटलं होतं, त्याहून हे जास्त आहे. हेमालीने मोबाईलचा टॉर्च भिंतीलगत धरून बघितलं आणि एका जोडाशी थोडी लाट दिसते म्हणाली. मी तिला सांगितलं की टॉर्च लावून छत बघायची रीत आपल्याकडे नाही. मला त्या लाटेचा अभिमान आहे. माझ्या हाताची आहे ती.

तेव्हा ठरल्याप्रमाणे तू गासहून आगाशीला पायी यावंस. मी दुष्ट नाही. येत्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर निघ, ऊन व्हायच्या आत. डोक्याला टोपी घाल. निर्मळला पाणी पी, नंदाखालला दहा मिनिटं टेक. घाई करू नकोस, मी कुठे जात नाही. दारात आल्यावर फक्त ‘हरलो’ म्हण, एकदाच, आणि तेही हळू म्हटलंस तरी चालेल. द्वारका तांदळाचे पोळे करणार आहे. वहिनींना सप्रेम नमस्कार.

तुझा (अजून रागावलेला),
गंगाराम

ता. क. — पत्र द्वारकेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ड्रिल मशीन कुणाची होती ते लिहिलं का? तर लिहितो. मशीन तुझी होती. मांडवाच्या वेळेपासून आमच्या माळ्यावर आहे. पैज माणसाची होती, मशीनची नव्हती, पण हिला ते पटत नाही. मशीन चांगली चालते. तू तिला तेल घालून ठेवलं होतंस हे उघडल्यावर दिसलं.

ता. क. दुसरा — पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं आहे. ‘दुसरी पट्टी गुरुवारी लागली’ असं वर एक वाक्य आहे. ते खरं आहे, पण पुरं नाही. भिंत आणि आधीचा बोर्ड यांच्यामध्ये ती पट्टी नेमकी बसायची होती, कुठेही बोट शिरायला जागा नाही. टेकू तिथे तिरके उभे राहीनात. आणि गुडघा वाकेना. मी पट्टी डोक्यावर घेऊन घोडीवर अडकलो होतो, ना वर ना खाली, आणि द्वारका उंबरठ्यावर रडकुंडीला आलेली, पण पैजेमुळे आत येत नव्हती. तेवढ्यात लूर्डस वहिनी आल्या. त्या एप्रिलपासून राहिलेला त्यांचा डबा न्यायला आल्या होत्या. (त्या आल्या होत्या हे तुला ठाऊक नसेल. त्यांना ओरडू नकोस. अबोला आपल्या दोघांचा आहे.) त्यांनी काहीही विचारलं नाही. पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि दोन्ही तळवे सपाट करून पट्टीखाली लावले. बोटं नाहीत, तळवे. तुझ्यासारखे. मी स्क्रू मारायला घेतला तेव्हा त्यांनी तळवे किंचित सैल केले, बसल्यावर पुन्हा दाबले. सगळे स्क्रू होईपर्यंत त्यांनी तळवे काढले नाहीत. खाली उतरल्यावर मी विचारलं, वहिनी, हे तुम्ही कुठे शिकलात? तर म्हणाल्या, ‘चाळीस वर्षं घरात बघतेय. यांना एवढंच तर येतं, आणि ते सोपं नाही.’ मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे केला.

मग पाणी पिताना त्यांनी सांगितलं की तू रोज संध्याकाळी पडवीत बसून म्हणतोस, आता कितवा बोर्ड झाला असेल. आणि तुझ्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार महिनाभर एका बिजागरीवर लोंबतंय, कारण तू दार धरून उभा राहतोस आणि ठोकायला कुणी नसतं. हे ऐकून मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

बाहेरचा नको असं तू म्हणाला होतास. वहिनी बाहेरच्या की घरच्या हे मला ठरवता येत नाही, पण दोन्हीपैकी काहीही धरलं तरी मी हरलो. वर जे पायी ये वगैरे लिहिलं आहे ते रद्द समज. मी चालत तुझ्या दारात यायचं आहे. ‘धरायला अक्कल लागते’ असंही म्हणायचं आहे, ते इथेच लिहून टाकतो, कारण तोंडाने म्हणताना मी नक्की काहीतरी वेगळं म्हणेन.

ता. क. तिसरा — हे द्वारकेला दाखवलेलं नाही. गुडघा किरकोळ नाही. त्याच गुडघ्यावर रंगापर्यंत चढउतार केली, तेव्हा काल संध्याकाळी डॉक्टरांनी तीन आठवडे चालायला मनाई केली आहे. अंगणातून दारापर्यंत येतो, तेवढंच. म्हणजे हरलेल्याने पायी जायचं हे या महिन्यात होणार नाही आणि पुढच्या महिन्यात पाऊस लागेल. तुझ्या कोंबड्यांनी तोवर काय करायचं? तेव्हा रविवारी मिस्सा झाल्यावर तू स्कूटर घेऊन ये आणि मला घेऊन जा. हातोडी आणि बिजागऱ्या पिशवीत भरून ठेवल्या आहेत. तुझ्या दारात उतरवलंस की शेवटची चार पावलं मी चालेन, म्हणजे अट पाळल्यासारखं होईल. आमच्या दारात मात्र हॉर्न वाजवून बाहेर थांबू नकोस. निघायच्या आधी दोन मिनिटं आत ये, तुझ्या खुर्चीत बस आणि वर बघ. काही म्हणायची गरज नाही. नुसतं बघ.